जेसी ओवेन्स : विजय आणि अवहेलना

इ. स. १९३६ च्या ऑगस्ट महिन्यात बर्लिन येथे जे ऑलिंपिक सामने भरले, त्यांचे नाव निघताच सुशिक्षित महाराष्ट्रीयाच्या डोळ्यांपुढे बहुधा दोन चित्रे उभी राहतात. पहिले चित्र ध्यानचंदांच्या नेतृत्वाखाली हिंदी हॉकी संघाने जर्मनीवर ८-१ असा विजय मिळविला त्याचे. दुसरे चित्र अमेरिकेच्या एका कृष्णवर्णीय तरुणाचे. त्याने चार सुवर्णपदके जिंकली, आणि ते न साहून हिटलर त्याचा हात हातात न घेता रागारागाने निघून गेला, असे त्या चित्राखाली लिहिलेले असते. पहिले चित्र सर्वथैव खरे आहे. दुसऱ्यातील पदकेही खरी आहेत; परंतु हिटलरची गोष्ट तपासून पाहू लागले म्हणजे ती हाती लागत नाही, आणि तिच्यामागे झाकलेली दुसरी एक गोष्ट मात्र उघडी पडते. ती अमेरिकेत घडलेली आहे.

या तरुणाचे पूर्ण नाव जेम्स क्लीव्हलंड ओवेन्स. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी दक्षिणेकडील अलाबामा संस्थानात ओकव्हिल नावाच्या खेड्यात १२ सप्टेंबर १९१३ रोजी त्याचा जन्म झाला. दहा भावंडांत हा शेंडेफळ. आजा गुलामगिरीत जन्मलेला; बाप गोऱ्या जमीनदाराच्या शेतात वाट्याने कापूस पिकविणारा. गुलामगिरी कायद्याने नष्ट होऊन तेव्हा जवळजवळ अर्धे शतक लोटले होते. तथापि कापूस पिकवावा, वर्षअखेर हिशेबाच्या वहीत देणेच शिल्लक निघावे, आणि त्या देण्यापायी पुढच्या वर्षी पुन्हा तेच शेत कसावे, हा क्रम काही चुकत नसे. अलाबामाच्या १९०१ च्या घटनेने साक्षरतेच्या परीक्षा व मतदानकर यांच्या आडून काळ्या लोकांचा मताधिकार जवळजवळ हिरावूनच घेतला होता. त्या काळी दक्षिणेतील लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांकडे निघाली. ओवेन्स कुटुंबही त्यांच्याबरोबर ओहायो संस्थानातील क्लीव्हलंड शहरी येऊन राहिले. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता.

घरी त्याला त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘जे. सी.’ म्हणत. शाळेत पहिल्या दिवशी शिक्षिकेने नाव विचारले, त्याने दक्षिणेकडील हेलात उत्तर दिले, बाईंना ‘जेसी’ असे ऐकू आले, आणि हजेरीपटावर तेच नाव चढले. परक्या ठिकाणी आलेल्या भित्र्या मुलाला शिक्षकांची चूक दुरुस्त करण्याचा धीर होत नाही, हे शाळेशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना सांगावयास नको. जगाने त्याला पुढे याच नावाने ओळखले.

त्याच शहरात त्याला एक चांगला शिक्षकही लाभला. चार्ल्स रायली हे शारीरिक शिक्षणाचे गोरे शिक्षक. मुलगा धावण्यात असामान्य आहे हे त्यांनी ओळखले; परंतु शाळा सुटल्यावर इतर मुले सरावास जमत तेव्हा हा मुलगा दुकानात किंवा गुदामात मजुरी करीत असे. रायलींनी त्याच्यासाठी वेळ बदलली आणि शाळा भरण्यापूर्वी सकाळी ते त्याच्याकडून सराव करून घेऊ लागले. १९३३ साली शिकागो येथे शालेय विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय सामन्यांत जेसीने १०० यार्ड अंतर ९.४ सेकंदांत तोडून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

असला खेळाडू आपल्या संस्थेत यावा म्हणून विद्यापीठे धडपडतात. ओवेन्स ओहायो स्टेट विद्यापीठात गेला. पण त्याला शिष्यवृत्ती मिळाली नाही, आणि विद्यापीठाच्या वसतिगृहात राहण्याची सोयही झाली नाही. काळ्या विद्यार्थ्यांनी बाहेर बिऱ्हाड करून राहावे असाच तेथील प्रघात होता. दिवसा अभ्यास व सराव, आणि फावल्या वेळी संस्थानच्या विधिमंडळाच्या इमारतीत सामानाची लिफ्ट चालविण्याची नोकरी, अशी त्याची विद्यार्थिदशा गेली. समोरच्या बाजूच्या, सभासदांच्या लिफ्टवर गोरे विद्यार्थी असत. विद्यापीठाचा चमू बाहेरगावी गेला की गोरे सोबती ज्या उपाहारगृहात जेवावयास बसत, तेथे ओवेन्स व त्याचे कृष्णवर्णीय सोबती यांना आत प्रवेश नसे. त्यांनी अन्न बाहेर मागवून घ्यावे, नाही तर काळ्यांसाठी निराळी असलेली खाणावळ शोधावी. मुक्कामासही हाच नियम. आपल्याकडे एकाच वर्गातील काही मुलांना पाणी वरून ओतून दिले जात असे, ते दिवस ज्यांच्या वाडवडिलांनी पाहिले आहेत, त्यांना ही व्यवस्था समजून घेण्यास फारसे प्रयास पडू नयेत.

अशा स्थितीत २५ मे १९३५ चा दिवस उगवला. मिशिगन संस्थानात ॲन आर्बर येथे विद्यापीठांचे सामने होते. थोडे दिवस आधी जिन्यावरून पडून ओवेन्सची पाठ इतकी दुखावली होती की त्यास वाकणे कठीण झाले होते. लॅरी स्नायडर या त्याच्या मार्गदर्शकांचा त्याला उतरू देण्याचा विचार नव्हता. तो पहिल्या शर्यतीपुरता म्हणून उतरला. सव्वातीन वाजता १०० यार्डांची शर्यत ९.४ सेकंदांत, विक्रमाशी बरोबरी. दहा मिनिटांनी लांब उडी. त्याने एकच उडी घेतली, ती २६ फूट ८¼ इंच, म्हणजे ८.१३ मीटर. आणखी नऊ-दहा मिनिटांनी २२० यार्ड २०.३ सेकंदांत. चारच्या सुमारास २२० यार्डांची कमी उंचीच्या अडथळ्यांची शर्यत २२.६ सेकंदांत. येणेप्रमाणे अवघ्या पाऊण तासात तीन जागतिक विक्रम मोडले गेले व एकाशी बरोबरी झाली. लांब उडीचा विक्रम तर पुढे पंचवीस वर्षे अबाधित राहिला. तो १९६० च्या ऑगस्टमध्ये राल्फ बोस्टन या दुसऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकन तरुणाने मोडला. बर्लिनच्या चार पदकांपेक्षा ॲन आर्बरचा हा पाऊण तास मोठा मानणारे जाणकार आहेत, आणि त्यांचे म्हणणे सहज खोडता येण्यासारखे नाही.

म्हणून ओवेन्स त्या काळी अजिंक्य होता असे मात्र समजू नये. त्याच १९३५ च्या उन्हाळ्यात युलेस पीकॉक नावाच्या कृष्णवर्णीय धावपटूने त्याला शर्यतीत व लांब उडीतही हरविले होते. १९३६ च्या वसंतात पीकॉकच्या मांडीचा स्नायू दुखावला नसता, तर बर्लिनची कथा कदाचित दोघांची झाली असती.

बर्लिनला जावे की न जावे, हाच मुळी तेव्हा अमेरिकेत वादाचा विषय होता. १९३५ च्या सप्टेंबरात न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी जर्मनीतील ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले होते. अशा राष्ट्राच्या पाहुणचारास जाऊ नये असे म्हणणाऱ्यांत हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष जेरेमाया महोनी हे प्रमुख होते. जावेच असे म्हणणाऱ्यांचे पुढारी अमेरिकन ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष ॲव्हरी ब्रंडेज. ओवेन्सने त्या सुमारास नभोवाणीवरून सांगितले की, जर्मनीत अल्पसंख्याकांना भेदाने वागविले जात असेल तर अमेरिकेने सामन्यांतून अंग काढून घ्यावे. मार्गदर्शकांनी त्याला समज दिली आणि त्याने आपले मत फिरविले. बावीस वर्षांच्या, सामानाची लिफ्ट चालवून शिकणाऱ्या मुलाला याबद्दल दोष देणे फार सोपे आहे. डिसेंबरात अगदी थोड्या मतांच्या फरकाने ब्रंडेज यांचा पक्ष विजयी झाला. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतही दोन तट होते. जर्मनीतील अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्यांनी प्रथम आपल्या दक्षिणेकडे पाहावे, असा त्यांतील एकाचा सवाल होता. बर्लिनच्या मैदानावर काळ्यांनी विजय मिळवावेत हेच वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांतास उत्तर, असे दुसऱ्याचे म्हणणे होते.

अखेर अमेरिकेच्या चमूबरोबर अठरा कृष्णवर्णीय खेळाडू गेले : सोळा पुरुष आणि दोन स्त्रिया. टायडी पिकेट व लुइस स्टोक्स या त्या दोन तरुणींची कहाणी फारशी कोणी सांगत नाही. १९३२ च्या लॉस एंजल्सच्या सामन्यांसाठी दोघींची निवड होऊनही ऐन वेळी त्यांच्या जागी गोऱ्या मुलींना धाववले गेले. स्टोक्सच्या वाट्याला बर्लिनमध्येही पुन्हा तेच आले.

त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक देशी खेळ व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविण्यास गेले होते, हे वऱ्हाडातील पुष्कळांस अभिमानाने आठवते.

आता हिटलरच्या गोष्टीविषयी. मैदानी सामन्यांचा पहिला दिवस २ ऑगस्ट. त्या दिवशी हिटलरने जर्मनीच्या व फिनलंडच्या विजेत्यांना आपल्या सज्जात बोलावून त्यांचे अभिनंदन केले. संध्याकाळी उंच उडीत कॉर्नेलियस जॉन्सन व डेव्ह अल्ब्रिटन या दोन कृष्णवर्णीय अमेरिकनांनी पहिला व दुसरा क्रमांक पटकावला. परंतु पदके देण्याची वेळ येण्यापूर्वीच हिटलर निघून गेला होता. तेव्हा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष बाये-लातूर यांनी त्याला कळविले की, अभिनंदन करावयाचे तर सर्वांचे करावे, नाही तर कोणाचेच करू नये. हिटलरने दुसरा मार्ग पत्करला. त्यानंतर जाहीरपणे त्याने कोणाही विजेत्याचे हस्तांदोलन केले नाही. ओवेन्सची पहिली सुवर्णपदकाची शर्यत झाली ती ३ ऑगस्टला. म्हणजे अपमान झाला असेलच तर तो जॉन्सनचा झाला. आणि वृत्तपत्रांना त्याच्यापेक्षा ओवेन्सचे नाव अधिक भरीव वाटल्यामुळे गोष्ट त्याला चिकटली. ओवेन्सने प्रथम प्रथम ती नाकारली. पुढे मात्र ज्या श्रोत्यांस तीच ऐकावयाची असे त्यांना तो तीच सांगू लागला.

लूझ लाँग या जर्मन प्रतिस्पर्ध्याची गोष्टही अशीच आहे. लांब उडीच्या पात्रतेच्या फेरीत ओवेन्स अडचणीत आला असता लाँगने जवळ येऊन, फळीच्या थोडे मागूनच उडी घे, असा त्याला सल्ला दिला, असे ओवेन्स जन्मभर सांगत असे. तेथे हजर असलेल्या पत्रकारांनी असे काही पाहिले नव्हते, आणि पुष्कळ वर्षांनी ओवेन्सने स्वतःच एका अभ्यासकाजवळ कबूल केले की लाँगशी आपली गाठ पडली ती सामना संपल्यानंतर. पण या दुरुस्तीने लाँगचे मोठेपण उणे होत नाही. अंतिम फेरीत त्याने पाचव्या उडीत ७.८७ मीटर गाठून ओवेन्सशी बरोबरी केली होती. ओवेन्सने लगेच ७.९४ आणि शेवटी ८.०६ मीटर उडी मारली. हरलेला लाँग सर्वांच्या आधी धावत आला, आणि लक्षावधी डोळ्यांदेखत त्याने त्या काळ्या तरुणाच्या हातात हात घालून मैदानातून फेरी मारली. सज्जात कोण बसले आहे हे त्याला ठाऊक होते. १९४३ साली सिसिलीतील लढाईत तो मृत्यू पावला.

ओवेन्सची पदके अशी : ३ ऑगस्टला १०० मीटर, १०.३ सेकंद, ४ ऑगस्टला लांब उडी, ५ ऑगस्टला २०० मीटर, २०.७ सेकंद. चौथे पदक ९ ऑगस्टचे, आणि त्याला एक डाग आहे. चौघांनी मिळून धावावयाच्या ४ × १०० मीटर शर्यतीसाठी मार्टी ग्लिकमन व सॅम स्टोलर हे दोन तरुण कित्येक दिवस सराव करीत होते. ऐन वेळी अमेरिकन मार्गदर्शकांनी त्यांना वगळून ओवेन्स व राल्फ मेटकाफ यांची नावे घातली. कारण असे दिले की, जर्मनांनी काही वेगवान धावपटू लपवून ठेवले आहेत. ग्लिकमन व स्टोलर दोघेही ज्यू होते. अमेरिकेच्या पुरुषांच्या मैदानी चमूत उतरण्याची संधी न मिळालेले तेच दोघे. माझी तीन पदके झाली आहेत, त्यांना धावू द्या, असे ओवेन्सने म्हटल्याचे आणि त्याला गप्प बसविल्याचे ग्लिकमनने पुढे सांगितले आहे. अमेरिकेने ३९.८ सेकंदांत जागतिक विक्रम करून शर्यत जिंकली. लपवून ठेवलेले जर्मन धावपटू काही प्रकट झाले नाहीत, आणि जर्मनी एक सेकंदाहून अधिक मागे तिसरी राहिली. जुन्या चौघांनीही ती शर्यत जिंकलीच असती. यजमानांची मर्जी राखण्यासाठी हे केले गेले असा ग्लिकमनचा अखेरपर्यंत समज होता, आणि वरील आकडे पाहता तो समज अवास्तव म्हणवत नाही.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट. बर्लिनजवळच्या ऑलिंपिक ग्रामात ओवेन्स आपल्या गोऱ्या सोबत्यांबरोबर एकाच छपराखाली राहिला, एकाच भोजनगृहात जेवला. त्याच्या स्वतःच्या विद्यापीठात हे त्याला मिळाले नव्हते.

पदके मिळताच पंडितांचे काम सुरू झाले. काळे लोक गोऱ्यांना मागे टाकतात याचे कारण त्यांची पोटरी व टाचेचे हाड मूळचेच निराळ्या घडणीचे असते, असा तर्क मांडला जाऊ लागला. म्हणजे विजय हाडाचा, माणसाचा नव्हे! हॉवर्ड विद्यापीठाचे कृष्णवर्णीय शरीरशास्त्रज्ञ मोंटेग्यू कॉब यांनी या तर्काचा समाचार अगदी साध्या मार्गाने घेतला. त्यांनी ओवेन्सचे पाय मोजले. कृष्णवर्णीयांचे म्हणून जे लक्षण सांगितले जात होते ते त्याच्या पोटरीत सापडेना. ती तर त्याच पंडितांच्या वर्गीकरणाप्रमाणे गोऱ्यांच्या वळणाची निघाली. १९३६ सालीच त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. तो किती जणांनी वाचला हा प्रश्न निराळा. हाडांचा तर्क मात्र अजूनही अधूनमधून डोके वर काढीत असतो.

सामने संपताच संघटनेने आपला खर्च भरून काढण्यासाठी खेळाडूंना युरोपभर प्रदर्शनी शर्यतींसाठी फिरविले. ओवेन्सला त्यात एक छदामही मिळावयाचा नव्हता. थकलेला, वजन घटलेला ओवेन्स लंडनहून स्वीडनला जाण्याचे नाकारून घरी परतला. संघटनेने तत्काळ त्याच्यावर बंदी घातली. जगातील सर्वांत वेगवान माणसाची हौशी खेळाडू म्हणून कारकीर्द वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आतबाहेर संपली.

न्यूयॉर्कमध्ये त्याची मिरवणूक निघाली, उंच इमारतींच्या खिडक्यांतून कागदी फितींचा वर्षाव झाला. त्यानंतर वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया या प्रख्यात हॉटेलात त्याच्या सत्काराचा समारंभ होता. आणि आपल्याच सत्कारास वर जाण्यासाठी त्याला सामानाच्या लिफ्टने जावे लागले, असे तो सांगत असे. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडून त्याला अभिनंदनाची तार आली नाही, की भेटीचे आमंत्रण आले नाही. ते निवडणुकीचे वर्ष होते, आणि दक्षिणेकडील गोऱ्या मतदारांवर अध्यक्षांच्या पक्षाची भिस्त होती. त्याच वर्षी प्रतिपक्षाचे उमेदवार लँडन यांच्या प्रचारसभांत बोलताना ओवेन्सने म्हटले, की आपली उपेक्षा हिटलरने केली नाही, अध्यक्षांनी केली. हे वाक्य त्याच्या सर्व आख्यायिकांहून अधिक खरे आहे, आणि सर्वांत कमी वेळा सांगितले गेले आहे.

बर्लिनहून परतल्यावर चित्रपटांची, रंगभूमीची मोठमोठी आमिषे दाखविणाऱ्या तारा आल्या होत्या. एकेक करून ती सारी हवेत विरली. २६ डिसेंबर १९३६ रोजी क्यूबात हवाना येथे ओवेन्स घोड्याशी शर्यत धावला. शंभर यार्डांच्या त्या शर्यतीत त्याला चाळीस यार्डांची सवलत होती. तो जिंकला आणि त्याला दोन हजार डॉलर मिळाले. पुढेही अशा शर्यती त्याने अनेक केल्या. त्यातील युक्तीही त्यानेच सांगून ठेवली आहे : घोडा चमकणारा निवडावा आणि पिस्तूल त्याच्या कानाजवळ उडवावे, म्हणजे तो सावरेपर्यंत माणूस पुढे निघून जातो. हे खेळाडूच्या प्रतिष्ठेस शोभत नाही असे कोणी म्हटल्यास, सुवर्णपदके काही खाता येत नाहीत, असे त्याचे उत्तर असे. त्याने कपडे धुण्याचा धंदा काढला, तो बुडाला आणि १९३९ साली दिवाळे निघाले. महायुद्धाच्या काळात त्याने फोर्डच्या मोटार कारखान्यात कृष्णवर्णीय कामगारांचे काम पाहिले.

२०० मीटरमध्ये त्याच्यामागे दुसरा आलेला मॅक रॉबिन्सन पॅसाडीना या आपल्या गावी परत गेला व रस्ते झाडण्याच्या कामावर लागला. झाडताना तो ऑलिंपिकचा अमेरिकन संघाचा कोट अंगात घालीत असे. त्याचा धाकटा भाऊ जॅकी याने १९४७ साली बेसबॉलच्या प्रमुख स्पर्धांतील वर्णबंदी मोडली.

शीतयुद्धाच्या दिवसांत मात्र सरकारला ओवेन्सची आठवण झाली. अमेरिकेत वर्णभेद आहे, हा रशियाचा प्रचार आशियातील लोकांस पटत होता. १९५५ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या राजवटीत त्याला सदिच्छादूत म्हणून भारत, मलाया व फिलिपाइन्स येथे पाठविण्यात आले. येथील तरुण खेळाडूंशी तो मोकळेपणाने मिसळला. परंतु ज्या देशाची वाखाणणी करण्यास तो आला होता, त्या देशाच्या दक्षिण भागात त्या वर्षीही त्याला गोऱ्यांच्या उपाहारगृहात बसून चहा घेता आला नसता.

१९६८ साली मेक्सिको शहरी टॉमी स्मिथ व जॉन कार्लोस या दोन कृष्णवर्णीय धावपटूंनी विजयाच्या व्यासपीठावर काळा मोजा घातलेली मूठ उंचावून निषेध केला. त्यांना तत्काळ घालवून देण्याचा आग्रह धरणारे आंतरराष्ट्रीय समितीचे अध्यक्ष कोण, तर हेच ॲव्हरी ब्रंडेज. १९३६ साली त्याच व्यासपीठावरून जर्मन विजेत्यांनी नाझी पद्धतीने उंचावलेले हात त्यांना खुपले नव्हते. तरुणांची समजूत घालण्यासाठी अमेरिकन समितीने ओवेन्सला पुढे केले. तरुणांनी त्याला धुडकावले. गोऱ्यांचा हस्तक म्हणून त्याची हेटाळणी केली. चिडून त्याने १९७० साली ‘ब्लॅकथिंक’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि काळ्यांच्या दैन्याचे खापर बऱ्याच अंशी काळ्यांच्याच माथी फोडले. वाचकांची पत्रे आली, ती त्याने वाचली, आणि दोनच वर्षांत ‘मी बदललो आहे’ अशा अर्थाच्या नावाचे दुसरे पुस्तक लिहून पहिल्यातील बरेचसे मागे घेतले. साठीच्या उंबरठ्यावर आपले छापील मत जाहीरपणे बदलणारी माणसे विरळा. त्याच्या चार पदकांबरोबर हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९७६ साली अध्यक्ष फोर्ड यांनी त्याला राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक दिले. ३१ मार्च १९८० रोजी ॲरिझोनातील टूसॉन येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. १९८४ साली बर्लिनमध्ये त्या क्रीडांगणाजवळील एका रस्त्यास त्याचे नाव देण्यात आले.

ग्लिकमन व स्टोलर यांना वगळल्याबद्दल अमेरिकन ऑलिंपिक समितीने १९९८ साली त्यांचा गौरव केला. स्टोलर तेव्हा हयात नव्हता. बर्लिनला गेलेल्या त्या अठरा कृष्णवर्णीय खेळाडूंना अध्यक्षांच्या निवासस्थानाचे आमंत्रण गेले, ते २०१६ च्या सप्टेंबरात, बराक ओबामा यांच्या कारकिर्दीत. समारंभास त्यांची मुले, नातवंडे व इतर आप्त आले होते. अठरांपैकी कोणीही तोपर्यंत उरले नव्हते.